क्रँक काय म्हणते?

इंजिन चालू झालं की मामा पेचकसाची मूठ दातांत धरायचे आणि टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचे. डोळे मिटलेले, एक हात बॉनेटवर. बाकीचे मिस्त्री पेचकस कानाला लावतात, तुम्ही कुठल्याही गॅरेजात पाहिलं असेल. मामांचा मात्र दातांत. मिनिटभर तसेच उभे राहायचे, मग पेचकस काढून पँटला पुसायचे आणि सांगायचे, "तीन नंबर कुरकुरतंय." इंजिन खोललं की खराबी तीन नंबराच्या सिलिंडरातच निघायची.

गिऱ्हाइकं हसायची. "मिस्त्री, इंजिन खाता का काय?"

"चव बघतो," मामा म्हणायचे. "तुम्ही डिझेल कमी आन् रॉकेल जास्त पाजलंय ह्याला."

हर्सूलच्या पुढं, सिल्लोडकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज. सगळं जड काम : ट्रॅक्टर, टेम्पो, बोअरचे मोठे पंप. मामा तिथले मोठे मिस्त्री. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी कुठल्या इंजिनावर कधी नाव टाकलं नाही, मग मी कशाला टाकू.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण सुटली म्हणायची सवय झाली आहे. वाळूजला एका कारखान्यात ठेक्यावर होतो. ठेका संपला, आमची शिफ्ट कमी झाली आणि सव्विसाव्या वर्षी मी हाताला ग्रीससुद्धा न लागलेला माणूस गॅरेजच्या दारात उभा राहिलो. गावाकडं बायको आणि दीड वर्षाची मुलगी. शेठनं विचारलं, "काय येतं?" मी म्हणालो, "काही नाही जी." शेठ मान हलवत होते, तेवढ्यात आतून माझ्या तोंडाकडं बघत मामा ओरडले, "खरं बोलणारा हाय, ठेवा."

आमच्याकडं वाक्याच्या शेवटी 'जी' येतोच. मामांना त्याची मोठी गंमत. "ए जी-जी, बारा नंबरचा पाना दे." "जी-जी, जेवला का?" पुढं सगळं गॅरेज मला त्याच नावानं ओळखायला लागलं.

मी भित्रा माणूस. एक नट चार वेळा तपासायचो. रात्री खोलीवर पडल्यावर वाटायचं, तो पाचवा बोल्ट आवळला का? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बघायचो. मामांनी एकदा पकडलं. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "भीती चांगली. फकस्त हातात ठेव, तोंडावर नको. गिऱ्हाईक तोंड बघतं."

क्रँक काढायला त्यांनीच शिकवलं. ज्यांनी इंजिनाचं पोट उघडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टन वरखाली होतात, आणि त्या वरखालीचं गोल फिरणं करते ती क्रँक. जाड, वाकडीतिकडी, पोलादाची. इंजिनाच्या तळाशी बसते आणि सगळ्यात शेवटी निघते. इंजिन उलटं करायचं, खालचं तेलाचं चेंबर काढायचं, फ्लायव्हीलचं जड चाक काढायचं, पिस्टनचे दांडे सोडवायचे. मग क्रँकला दाबून धरणाऱ्या पाच कॅपा राहतात. त्यांचे बोल्ट कडेकडून मधे, थोडे थोडे, आळीपाळीनं ढिले करायचे. एकदम एकच मोकळा केला तर बाकीच्यांवर ताण येतो.

प्रत्येक कॅप काढायच्या आधी मामा तिच्यावर पंचानं ठिपके मारायचे. पहिलीवर एक, दुसरीवर दोन. मग फळीवर ओळीनं, ज्या तोंडानं निघाली त्याच तोंडानं मांडायची. शेवटी दोघांनी दोन टोकं धरून क्रँक सरळ वर घ्यायची. "भरलं ताट हाय, जी-जी. सांडू नको." दरवेळी हेच. पस्तीस-चाळीस किलोचं ताट. माझी कंबर मोडायची, पण सांडलं कधी नाही.

काढलेली क्रँक डिझेलनं धुवायची, आणि मग मामांचं खास काम सुरू व्हायचं. छताच्या लोखंडी कडीला एक सुती दोर होता. त्याला क्रँक टांगायची, जमिनीपासून हातभर वर. ती शांत झाली की मामा छोट्या हातोडीनं तिच्या अंगावर टिचकी मारल्यासारखं मारायचे. क्रँक धड असेल तर वाजते. अशी वाजते की देवळातली घंटाही कमी पडावी, आणि आवाज लांबत लांबत जातो. आत कुठं तडा असेल तर तीच क्रँक मडक्यासारखी बद्द करते. डोळ्यांना तडा दिसत नाही, कानाला कळतो.

टिचकी मारून मामा माझ्याकडं बघायचे. "काय म्हणते?"

"चांगली म्हणते जी."

"मंग ठेव बाजूला."

शेठला आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, मामा मला शिकवताहेत, माझी परीक्षा घेताहेत. मलाही तसंच वाटायचं. पहिले सहा महिने मी त्या परीक्षेला घाबरायचो आणि पास झालो की खोलीवर जाऊन बायकोला फोनवर सांगायचो.

एका दुपारी माझ्या हातून पान्यांनी भरलेली लोखंडी परात निसटली. फरशीवर असा आवाज झाला की रस्त्यापलीकडचा चहावाला बाहेर आला. मामा परातीपासून दोन पावलांवर, माझ्याकडं पाठ करून बसले होते. ते हलले नाहीत. खांदासुद्धा उडाला नाही. बोल्टाला तेल लावत बसले होते, ते लावतच राहिले.

मी पाने गोळा केले. मग समोर जाऊन बसलो. मामांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, फरशीवरच्या परातीकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

"कधीपासून जी?" मी विचारलं. त्यांनी ओठ वाचले.

"दोन साल." आवाज हळू करायला गेले, पण तो त्यांच्या अंदाजानं हळू होता. "चाळीस साल इंजिनाच्या तोंडाशी बसलो. त्यानं खाल्ले कान. बहिऱ्याकडं कोण इंजिन देतं रे?"

तेव्हा मला दातांतला पेचकस कळला. चालू इंजिनाची थरथर दातांतून डोक्यात जाते, तेवढी त्यांना पुरत होती. पण टांगलेल्या क्रँकला दात लावता येत नाहीत. बोट जरी लागलं तरी तिचा आवाज मरतो. तिथं कानच लागतात. म्हणजे सहा महिने परीक्षा नव्हतीच. मामा खरंच विचारत होते.

त्या दिवशी आम्ही एक रीत ठरवली. ठरवली मामांनीच. क्रँक चांगली वाजली तर मी तोंडानं सांगायचं. शंका आली तर तोंड उघडायचं नाही. फक्त पुसायचा कापसाचा बोळा उचलायचा. मी बोळा उचलला की मामा खेकसणार, "अजून घाण हाय, धू परत!" गिऱ्हाईक निघून गेलं की ती क्रँक गुपचूप मशीनवर तडा तपासायला जाणार. दोन दिवस जास्त जातील, पण कोणाला कळणार नाही.

वर्षभर ही रीत चालली. तीनदा मी बोळा उचलला. तिन्ही वेळा मामा असे खेकसले की पोरं मला म्हणायची, "म्हातारा लई खार खातो राव तुझ्यावर." तिन्ही वेळा मशीननं तडा दाखवला. मामा मला कोपऱ्यात घेऊन पाठीवर थाप मारायचे. माझ्या आयुष्यात कोणी माझ्या शब्दावर एवढा भरवसा ठेवला नव्हता. शाळेत नाही, कारखान्यात नाही. मी बोळा उचलला तरी तो शब्दच होता.

मक्याचा हंगाम होता. सिल्लोडकडचा एक ट्रॅक्टरवाला आला. गावोगाव जाऊन मका काढून द्यायचा त्याचा धंदा, आणि ऐन हंगामात इंजिन बसलेलं. तो तिथंच खुर्ची टाकून बसला. शेठ दर अर्ध्या तासाला येऊन घड्याळ बघायचे.

आम्ही क्रँक काढली. धुतली, टांगली. मामांनी टिचकी मारली.

ती वाजली. पण शेवट नव्हता तिला. कोणी वाक्य बोलता बोलता शेवटचा शब्द गिळावा तशी. मामांनी दुसरीकडं मारली. तेच.

"काय म्हणते?"

माझा हात बोळ्याकडं गेला. खरंच गेला. बोटांना कापूस लागला. तेवढ्यात शेठ म्हणाले, "जी-जी, आता पुसत बसू नको. संध्याकाळी गाडी द्यायचीय." ट्रॅक्टरवाला उठून उभा राहिला. दोघंही माझ्याकडं बघत होते.

मी हात मागं घेतला. "चांगली म्हणते जी."

मामा माझ्या हाताकडं बघत होते. मग तोंडाकडं बघितलं. "नीट?"

"हो जी."

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आलो की मी मामांसाठी तसं बोललो. वाद झाला असता, शेठ म्हणाले असते मिस्त्री तुम्हीच ऐका, आणि मामा उघडे पडले असते. ते खोटं आहे. बोळा त्यासाठीच तर होता. मी शेठच्या घड्याळाला भ्यालो. एवढंच.

क्रँक वर्कशॉपातून घासून आली, बसवली, इंजिन चालू झालं. मामांनी दातांत पेचकस धरला. ट्रॅक्टर गेला.

बाराव्या दिवशी ट्रॅक्टरवाला एक पोतं घेऊन आला आणि गॅरेजच्या मधोमध उपडं केलं. क्रँकचे दोन तुकडे. चालत्या इंजिनात तुटली होती, जाताना इंजिनाचा ब्लॉकही फोडून गेली होती. "हे बघा तुमचं काम! माझा हंगाम गेला. यंत्रापाशी माणसं उभी होती, एखाद्याचा पाय गेला असता म्हंजे?"

शेठनं एक तुकडा उचलला. तुटलेल्या जागी पोलाद अर्धं चकचकीत होतं, अर्धं काळं. चकचकीत म्हणजे आत्ताची तूट. काळं म्हणजे जुना तडा, ज्यात वर्षानुवर्षं तेल मुरलेलं. आमच्या धंद्यातल्या कोणालाही ते वाचता येतं.

"तडा आधीचाच आहे," शेठ म्हणाले. "कोणी वाजवली ही?"

मुलीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि वाळूजच्या गेटाबाहेर हातात पिशवी घेऊन उभा असलेला मी.

मामांना प्रश्न ऐकू गेला नव्हता. पण त्यांनी तो काळा भाग पाहिला, आणि मला पाहिलं. ते पुढं आले.

"मी वाजवली. मला ऐकू येत नाय, शेठ. तीन साल झाले."

शेठना ते थट्टा करताहेत असं वाटलं. "काय म्हणता मिस्त्री?"

"आता काय म्हणलात तेबी ऐकू आलं नाय."

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसेना. शेठ हळूहळू माझ्याकडं वळले. "तू तर रोज असतोस त्यांच्याजवळ. तुला माहीत होतं?"

शेठ वळले एवढंच मामांना दिसलं. लगेच मधे बोलले, "त्याला काय इचारता? त्याला काय कळतंय अजून? जी-जी करतंय नुसतं."

ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी उघडलेलं दार होतं. आणि मी त्यातून बाहेर पडलो.

"नाही जी," मी म्हणालो.

शेठ वाईट माणूस नाहीत. मामांना काढलं नाही. "बसून लक्ष ठेवा नुसतं," म्हणाले. पण बातमी रस्त्यानं गेली. लोक येऊन मामांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडायचे, "मिस्त्री, बरंय का?" आणि मागं वळून डोळा मारायचे. त्यांनी दातांत पेचकस धरला की आता कोणी इंजिन खाता का म्हणून विचारत नव्हतं. मोबाईल काढून फोटो घेत होते. एका शिबिरात त्यांना कानाचं यंत्र मिळालं. दोन दिवस घातलं. "सगळी दुनिया भांडी आपटतीय," म्हणाले आणि डबीत ठेवलं.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच होते. तेच सोसत नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी जेवायला त्यांच्याशेजारी बसायचो, पण तोंड खाली घालून. तोंड खाली घातलं की त्यांना ओठ दिसायचे नाहीत. म्हणजे त्यांच्याशी बोलणं मीच बंद केलं.

एका सोमवारी मामा आले नाहीत. मंगळवारी शेठ म्हणाले, गावी गेले, आता येणार नाहीत. मोठ्या इंजिनांचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. आता नवी पोरं मला मिस्त्री म्हणतात. मी एकही क्रँक वाजवत नाही. सगळ्या मशीनवर पाठवतो. शेठना वाटतं मी काळजीवाला आहे.

आठ महिन्यांनी मी मामांच्या गावी गेलो. सिल्लोडहून जीपनं अर्धा तास. रस्ताभर एकच ठरवत होतो : सांगायचं. मला शंका आली होती, मी हात मागं घेतला, आणि नंतर नाही जी म्हणालो. एवढी तीन वाक्यं. जीपमध्ये मनात घोकत होतो, लहानपणी कविता घोकतात तशी.

मामा ओसरीवर बसले होते. वाळले होते. मला पाहून दोन्ही हात वर केले. "जी-जी!" आवाज तेवढा तसाच होता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा. मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली नातीचं दप्तर. मी बोलायला लागलो तसं त्यांनी डोळ्यांपुढं हात हलवला. आतून मामी म्हणाल्या, "आता ओठ बी नीट दिसत नाहीत त्यांना, बाबा. डोळ्यात मोतीबिंदू आलाय. पाटीवर मोठं मोठं लिवा."

नातीनं दप्तरातून पाटी आणि खडू आणून दिला. दुसरीत होती ती. आजोबांची पाटी वाचून दाखवायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. त्यांना ऐकू येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी वाचायची, मोठ्यानं, एकेक अक्षर बोट लावून. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी लिहिलं, 'मामा, त्या दिवशी मला'.

"मा-मा, त्या दि-व-शी म-ला," नातीनं वाचलं आणि ती माझ्याकडं बघत थांबली. मामी थांबल्या. दारातल्या बायका थांबल्या. मामा पाटी डोळ्यांजवळ धरून बघत होते.

मी पाटी मागून घेतली आणि पुढं लिहिलं, 'यायला जमलं नाही'.

नातीनं तेही वाचलं. मामांनी पाटी घेतली. बराच वेळ बघितली. मग तळहातानं खालचा भाग पुसला. 'यायला जमलं नाही' तेवढंच. वरचं तसंच ठेवलं. आणि पाटी परत माझ्या मांडीवर ठेवली.

'मामा, त्या दिवशी मला'. त्यापुढं मोकळी काळी जागा.

माझ्या हातात खडू होता. खडू घामानं ओला झाला. नात म्हणाली, "लिहा ना काका."

मामांनी माझ्या बोटांतून खडू हळूच काढून घेतला. पाटी आपल्याकडं ओढली आणि त्या मोकळ्या जागेत मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिलं. पण पाटी मला दाखवली नाही. मामींकडं फिरवली.

"भा-त ला-व," नातीनं वाचलं.

ज्वारी खाणाऱ्या घरात गोंदियाकडच्या माझ्यासाठी भात लावला. मी खाली मान घालून जेवलो. मामींनी दोनदा वाढला. मामा समोर बसून मी जेवतो का बघत होते. निघताना त्यांनी पाठीवर थाप मारली, कोपऱ्यात घेऊन मारायचे तशीच.

उन्हाळ्यात मामा गेले. शेठला फोन आला, शेठनं मला सांगितलं. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. ओसरीवर सतरंजी टाकली होती, माणसं येऊन बसून जात होती. मामींनी मला पाहिलं आणि हातानंच बस म्हणाल्या.

नात कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. आता ती पाटी पुन्हा तिची एकटीची झाली होती. तिनं कडेपासून कडेपर्यंत पाढे लिहिले होते. मला बघून ती उठली, जवळ आली आणि कानाशी हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला लिहायचंय काही? पुसू?"

मी म्हणालो, "नको, बाळा. तुझे पाढे राहू दे."